गळती

चार गॅलनचा, चौकोनी, पत्र्याचा.
वर पितळी बूच, बुचावरची अक्षरं झिजून
बोटाला नुसती खरखर लागते.
असे माझ्याकडे एकेचाळीस झाले.
बायको म्हणते, एकेचाळीस डबे
आणि फोडणीपुरतं तेल नाही घरात.

देवगड डेपोत बत्तीस वर्षं मी पाट्या रंगवल्या.
विजयदुर्ग, जामसंडे, तळेबाजार, वस्तीची गाडी.
एका फटकाऱ्यात 'ज'चा पोटवा काढणारा हात
निवृत्त झाल्यावर फिरवायचा कशावर?

पडाव बंदराला लागायचे तेव्हा
एका खोक्यात दोन, असे हे उतरायचे.
घासलेट महिन्यात संपायचं.
डबा राही, आणि पडेल ते काम करी:
विहिरीचं पाणी, भात उकडणं, कोंबडीची पिल्लं.
आडवा कापला की होडीतलं पाणी उपसायला,
उभा कापून सपाट केला की गोठ्याचं छप्पर.
म्हणून अख्खा मिळणं कठीण.

हा सुंदराबाय कोयंड्यांच्या पडवीत होता.
काथ्याची दोरी बांधलेली, बुडाला डांबर,
एक अंग चुलीने काळं केलेलं,
त्या काळ्याखाली, नख लावलं तर, पिवळा शिंपला.
जन्म पुळणीवर गेला तिचा,
असलो शिंपलो कधी गावलो नाय, म्हणाली,
आणि निळी प्लास्टिकची बादली घेऊन डबा दिला.
बादलीला झाकण नाही म्हणून वर वीस रुपये.

तीन दिवस आगळात बुडवला.
दुकानातलं ॲसिड पत्राही खातं.
रातांब्याचं आगळ फक्त गंज खातं, तेही चवीने.
बूच बिंबलांनी घासलं.
मोगरी तोंडातून जात नाही,
म्हणून वाकवलेली सळई, टोकाला चिंधी.
पोच्याला ठोकायचं नसतं, त्याची समजूत काढायची.
उजव्या कोपऱ्यातल्या एकाने
दोन रात्री घेतल्या.

मग दिवे घालवून आत बल्ब सोडला.
सव्वीस ठिकाणी उजेड बाहेर आला.
नातू म्हणाला, आजोबा, चांदण्या.
म्हटलं, ह्याला गळती म्हणतात. खडूने खुणा कर.
खुणा करून झाल्या
तरी बल्ब काढायला दोघांनीही उशीर केला.

शिंपल्याची अर्धी कड गेली होती.
पिवळा तीनदा कालवला. नवा पिवळा ओरडतो.
शेवटी त्यात चिमूटभर काजळी घातली,
ह्याच डब्याची, खरवडून पुडीत ठेवलेली.
मग तो गप्प झाला.

सुंदराबाय आली पाटीतले बांगडे संपवून.
नेमका तोच सोडून तिने सगळे पाहिले.
मी पुढे केला.
"ह्यो डबो माजो न्हय."
शिंपल्याकडे बघितलंसुद्धा नाही.
उजव्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं,
जिथे आता काहीच नव्हतं.
"हय पोचो होतो. न्हानू पडावावरनां पडलो
तो ह्या डब्यार. त्येच्यो दोन बरगड्यो मोडल्यो,
डब्याक पोचो. बरगड्यो जुळल्यो."
थोड्या वेळाने:
"आनी दोरी खंय आसा?"

कुजली होती. टाकली, म्हटलं.
"त्येनाच वळलेली," एवढंच.
रागावली असती तर बरं झालं असतं.

मला काही सुचेना. बूच फिरवून काढलं.
तिने वाकून नाक लावलं.
पन्नास वर्षांचं पाणी, भात, कोंबड्या,
तीन दिवसांचं आगळ, नवं कथील,
आणि ह्या सगळ्याच्या तळाशी अजून
रॉकेल.
"हां," म्हणाली. "ह्योच."
मग पदर सावरून, "बादलीक झाकण गावलां तर बघ हां,"
आणि गाडीला गेली. गाडीवर आता
दिव्यांची अक्षरं पळतात.

संध्याकाळी मी माडाच्या आळ्यात,
जिथे आम्ही सोडणं टाकतो,
काठीने बराच वेळ उकरलं.
काथ्यात काथ्या मिसळून गेला होता.